एका डीपीवर सहा मोटारी

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळकी तार साठते, तसे किस्सेही साठतात. तार भंगारवाला घेऊन जातो, किस्से आमच्याकडेच राहतात. जुन्नरला आमचं दुकान आहे. मी काउंटरवर बसते, मागे आमचे हे आणि मंचरचे दत्ताभाऊ जळक्या मोटारींत नवी तार भरतात.

यंदाचे बहुतेक किस्से डिंगोऱ्याच्या एकाच डीपीने, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरने, पुरवले. तिच्यावर सहा शेतकऱ्यांच्या मोटारी, सगळ्यांना ऑटो बसवलेला. लाईट आली की सहाही मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि तिथल्या तिथे डीपीचा फ्यूज उडायचा. वायरमन येईपर्यंत लाईटची वेळ संपलेली असायची. इकडे सहा जणांचं कांद्याचं रोप वाफ्यात सुकत होतं.

*

त्या सहा जणांतले पहिले आले बापू. पाच एचपीची मोटार विहिरीवरून काढून टेम्पोतूनच घेऊन आले होते. हिच्यातच दोष आहे, ही उघडा, म्हणाले. दत्ताभाऊंनी तपासली, मोटार ठणठणीत होती.

दत्ताभाऊंनी त्यांना समजावलं, की बंद टेम्पो जागचा हलवायला चार माणसं लागतात, एकदा गडगडू लागला की एक पुरतो. मोटारीचंही तसंच. चालताना साडेसात अँपिअर घेते, पण उठताना एक-दोन सेकंद त्याच्या पाच-सहा पट ओढते. कॅटलॉगात त्याला इनरश करंट म्हणतात.

बापूंनी मोटारीवरची प्लेट पुसून पुन्हा वाचली. "मग हितं साडेसातच का लिवलंय?"

"बापू, पोरगा घोरतो हे लग्नाच्या बायोडाट्यात लिवतात का?" दत्ताभाऊ म्हणाले.

*

आठवड्याने गुरुजी आले. रिटायर झालेले गणिताचे शिक्षक, त्याच डीपीवरचे. साडेसात गुणिले सहा पंचेचाळीस, म्हणजे डीपीला काहीच जड नाही, असा कागदच त्यांनी करून आणला होता.

वाद नको म्हणून यांनी एक मोटार लावली, वायरीला मीटर अडकवला आणि बटण दाबलं. काटा थेट चाळिसापर्यंत गेला आणि साडेसातावर येऊन थांबला. पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "त्यो परत खाली आलाच ना? मग खालचाच धरायचा."

*

यांनी मग उपाय सांगितला. ऑटोच्या पेटीत टायमर असतो. लाईट आल्यावर पहिल्याची मोटार एका मिनिटाने उठेल, दुसऱ्याची दोन, असं करत सहाव्याची सहा मिनिटांनी. एका वेळी एकच उठली की फ्यूज टिकेल.

सगळ्यांना पटलं. फक्त पहिला कोण, यावर दोन दिवस गेले. शेवटी यात्रेत घाटावर बैलगाडा शर्यतीचे नंबर काढतात तशा चिठ्ठ्या टाकल्या. गुरुजींना तिसरा नंबर आला, बापूंना सहावा. बापूंचा वाफा सगळ्यात कोरडा. ते तोंड पाडून बसले.

त्यांची बायको, सुमनकाकू, सगळ्यांसमोर म्हणाली, "सहा मिनिटांत रोप काय म्हातारं व्हतंय का?"

*

चार दिवस डीपी टिकली. पाचव्या दिवशी फ्यूज उडाला, सहाव्या दिवशीही उडाला. रोपाचे शेंडे पिवळे पडायला लागले, तेव्हा हे स्वतः डिंगोऱ्याला गेले आणि एकेक पेटी उघडून पाहिली.

पाच जणांचे टायमर शून्यावर होते. बाकीचे थांबतातच, तर आपण जरा आधी उठलो म्हणून काय बिघडतं, असं प्रत्येकानेच धरलं होतं. गुरुजींनीसुद्धा.

फक्त बापूंचा टायमर जिथे लावून दिला होता तिथेच, सहावर. यांना भरून आलं. म्हणाले, बापू, या सहा जणांत शब्दाला जागणारे तुम्ही एकटेच.

"तसं नाय भाऊ," बापू म्हणाले. "मलाबी फिरवायचा व्हता. पण त्यातलं कंचं फिरवायचं त्येच कळंना."

यांनी लगेच दाखवलं. तेवढं दाखवायला नको होतं, असं हे अजून म्हणतात.

*

त्याच संध्याकाळी सुमनकाकूने यांच्याकडून सगळे टायमर पुन्हा नंबराप्रमाणे लावून घेतले, सहा कुलपं आणून सहाही पेट्यांना लावली आणि किल्ल्या स्वतःच्या कमरेला खोचल्या. तेव्हापासून फ्यूज उडाला नाही. रोप सावरलं, आता लागवडीला आलंय.

परवा दुपारी गुरुजी दुकानात आले. हे जेवायला गेले होते. गुरुजी बराच वेळ होल्डर, पिना बघत राहिले. मग काउंटरवर जरा वाकून म्हणाले, "ताई, कुलपाची दुसरी किल्ली करून मिळंल का हितं?"

मी म्हटलं, "नाही हो गुरुजी, आम्ही किल्ल्या करत नाही. सकाळी बापूंनाही तेच सांगितलं."