आईचं हिरवं लुगडं

सोलापूरला थंडी पडते असं म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे हसायचे. त्यांनी आमचं गाव पाहिलेलं असायचं चैत्र-वैशाखात, पत्र्यावर पापड भाजावेत अशा उन्हात. मार्गशीर्षात पहाटे गिरणीचा भोंगा होताना आमच्या घरी येऊन निजायला हवं होतं त्यांनी. आमचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, आणि त्यात उजेडासाठी ठेवलेलं भोक, सवणं. रात्रीचा गारठा त्या सवण्यातून सरळ अंथरुणावर उतरायचा. ते झाकलं तर चुलीचा धूर कोंडून डोळे चुरचुरायचे, उघडं ठेवलं तर दात वाजायचे. इकडे आड, तिकडे विहीर. वडील गिरणीत कारकून होते, त्यांना धुराचा खोकला होता, म्हणून सवणं बहुधा उघडंच असे.

लोकरीचा कपडा आमच्या घरात एकच, वडिलांचा कोट, आणि त्याचीही कोपरं गेलेली. आम्हा दोघी बहिणींना दोन-दोन परकर. एक अंगावर, एक दोरीवर. थंडीच्या दिवसांत दोरीवरचा वाळायचा नाही, मग ओलसर परकर नेसूनच शाळेत जायचं. पोलकी मात्र दोन्ही एकावर एक चढवायची, म्हणजे ऊब आणि श्रीमंती दोन्ही. अंघोळीच्या गरम पाण्यात पहिला मान वडिलांचा, मग अक्काचा आणि माझा, आणि उरलंसुरलं कोमट आत्याला. आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण. आई गेल्यावर मोहोळहून येऊन तिनं घर हाती घेतलं होतं. पाय उलले की ती करडईचं तेल चोळायची, केसांत उवा झाल्या की सीताफळाच्या बिया वाटून लावायची, आणि लावताना बोलायची. तिच्या हाताला औषध होतं तसं तोंडालाही होतं.

आई मी सहा-सात वर्षांची असताना तापानं गेली. तिची नेसती चांगली लुगडी नात्यातल्या बायकांना दिली गेली, तशी रीतच होती. राहिलं एक जुनं. हिरवं, तांबड्या काठांचं, पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांच्या मागावरचं. धुवून धुवून ते इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तर आहे की नाही कळू नये. पदराजवळ निखाऱ्यानं जळलेलं एक भोक होतं. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून आईनं ते काळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. रात्री मी आणि अक्का ते दुहेरी करून पांघरायचो. मी रफूची बाजू माझ्याकडे घ्यायची आणि त्यावर गाल ठेवायची. त्याला धुराचा, शिकेकाईचा, फोडणीचा वास होता. आणखीही एक होता, तो आईचा. अक्का माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. आई कशी बोलायची ते तिला आठवत होतं. मला आवाज आठवत नव्हता. माझ्याकडे तो वासच तेवढा होता, म्हणून मी ते लुगडं कुणाला धुऊ देत नव्हते.

मग मला खरूज झाली. बोटांच्या बेचक्यांत, कोपरांत, पोटावर. रात्रभर खाजवून अंग सोलून निघायचं. आत्यानं तेलात गंधक घालून मला पिवळी करून ठेवली आणि घरातलं सगळं पांघरूण सोड्याच्या पाण्यात उकळायला काढलं.

"त्या लुगड्यातच हाय ती खरूज," ती म्हणाली. "दोन वर्सं पाणी लागलं न्हाय त्याला. आण हिकडं."

मी ते पोटाशी धरून बसले. आत्यानं ओढलं, मी चावले. खरंच चावले. वडिलांनी मध्ये पडून सांगितलं की आज राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना अक्का माझ्याजवळ आली. माझी वेणी घालता घालता म्हणाली, "मला दे. आत्याच्या हाताला लागू देत नाही. सोडा नाही, साबण नाही, नुसतं पाण्यातनं काढते आणि उन्हात टाकते. शाळेतनं येशील तोवर वाळलं असेल की."

"शपथ?"

"आईची शपथ."

त्या शपथेपुढे काय राहिलं? मी माझ्या हातांनी लुगड्याची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

दुपारी आले तर दोरीवर वडिलांचं धोतर, आमचे परकर, गोधड्या, सगळं होतं. हिरवं काही नव्हतं. न्हाणीत एक नवा पितळी तांब्या लखलखत होता. मला विचारायची गरजच नव्हती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आमच्या गल्लीत अधूनमधून यायची, आणि कपडे उजेडाकडे धरून ती कशी ताणून बघायची तेही मी पाहिलं होतं. तरी मी विचारलं. आत्या भाकरी थापत राहिली. अक्का खाली बघून म्हणाली, "बोहारीण आली होती. वडिलांचा कोट आणि ते, दोन्ही आत्यानं दिलं. मी काय करणार?"

मी रडले नाही. संतापानं रडूच येईना. त्या दिवसापासून मी आत्याशी बोलणं टाकलं. वाढलेलं खायची, सांगितलेलं करायची, पण तोंड उघडायची नाही. लोकांना वाटायचं, पोर अबोल आहे. आत्याला ठाऊक होतं मी अबोल नाही ते. रोज सकाळी त्याच तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचं आणि मनातल्या मनात तिला शिव्या द्यायच्या, हा माझा नित्यनेम झाला. अक्काच्या कुशीत मात्र मी पहिल्यापेक्षा जास्त शिरले. गोधडी टोचायची, पण अक्का होती. तिचं लग्न झालं, ती अक्कलकोटकडे नांदायला गेली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आई दुसऱ्यांदा गेली असं मी म्हणत होते.

पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. पौषाचे दिवस होते, सवण्यातून तोच गारठा. मुलगा झाला. आत्यानं शेगडी पेटवली, ओवा-शेपाची धुरी केली. मी बाळाला बघायला आत गेले. आमच्यात तान्ह्या मुलाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडून त्याचं दुपटं करतात, त्यातच त्याला गुंडाळतात. बाळ तसंच गुंडाळलेलं होतं. हिरव्या कापडात. गळ्याशी काळ्या दोऱ्याचं रफू.

मी ते बोटानं चाचपून पाहिलं. डोळ्यांची चूक होऊ शकते, बोटांची नाही.

"हे कुठनं आणलंस?"

अक्कानं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पेटीत होतं. तेव्हाच पदराकडचं अर्धं फाडून ठेवलं होतं मी. उरलेलं मीच कोटाबरोबर दिलं. तू लहान होतीस. तुला दिलं असतं तर तू पांघरून पांघरून त्याच्या चिंध्या केल्या असत्यास. आणि बाळाला लागतंच की गं जुनं. आईचं असलं तर किती बरं. तिचंच लेकरू ना हे पण."

"मग मी कुणाचं होते?"

बाळ रडायला लागलं आणि तिनं त्याला पदराखाली घेतलं. बोहारणीला दिलं याचं दुःख मी गिळलं असतं. बोहारणीला काय कळतं आईबिईचं. पण अक्काला कळत होतं. त्याची किंमत मला होती तेवढीच तिलाही होती, म्हणून तर तिनं ते पेटीत जपलं. मी शेजारी कुडकुडत, खाजवत, आईचा वास आठवत झोपायची आणि तिला माहीत होतं की अर्धी आई तिच्या पेटीत आहे. आणि इतकी वर्षं मी गळ्यात पडत होते ते तिच्याच.

मी बाहेर आले. आत्या चुलीपाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. कित्येक वर्षांनी तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं फुंकणीनं जाळ केला. "तिनं मला सांगितलं हुतं, माजं नाव घिऊ नगं म्हणून. म्हटलं, आई गेली, आता बहीण बी कशाला काढून घ्यायची पोरीची. मी काय, आज हितं, उद्या मोहोळला."

आतून अक्कानं हाक मारली. बाळानं दुपटं ओलं केलं होतं. आत्या उठायला लागली, तिचे गुडघे कुरकुरले, म्हणून मीच गेले. अक्कानं ते माझ्याकडे न बघता हातात दिलं. मी ते तोंडाशी नेलं. ओवा, दूध, मूत. दुसरं काहीही नव्हतं.

न्हाणीत दगडावर मी ते पसरलं. आत्या मागून गरम पाणी घेऊन आली आणि तिनं ते त्याच पितळी तांब्यातून माझ्या हातांवर ओतायला सुरुवात केली. लुगड्याच्या एका अर्ध्याच्या बदल्यात आलेला तो तांब्या, आणि खाली दगडावर दुसरं अर्धं.

"सोडा घालू का गं?" तिनं विचारलं.

"घाल," मी म्हणाले.