पान नऊवरचा चमचा

डॉक्टरांच्या यादीचं दुसरं पान सोमवारी सकाळी अकरा वाजता आलं. वीस ओळी होत्या. एकोणीस ओळींपुढे बरोबरची खूण होती आणि एका ओळीवर लाल रेघ. शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, "पान ९. फिट आल्यावर दातांमध्ये चमचा घालायला सांगितलंय. ही पुस्तिका ताबडतोब काढा."

मी कपाटाकडे गेले. पुस्तिका जागेवर नव्हती.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. आमच्याकडची आरोग्याची पुस्तकं चार खोल्यांत विखुरलेली होती. पक्षाघातावरचं एक पुस्तक व्यायामात होतं. स्मृतिभ्रंशावरचं "ज्येष्ठांसाठी" या फळीवर. फेफऱ्यावरची दोन तर मला भुताखेतांच्या रांगेत सापडली. मी सगळी एका कपाटात आणायची ठरवली. प्रत्येक विषयाला ग्रंथालयशास्त्रात एक क्रमांक असतो, त्या क्रमाने पुस्तकं लावतात. मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचा क्रमांक ६१६.८. या कपाटाची सगळ्यात वरची फळी त्यांना दिली.

पण पुस्तक योग्य जागी असणं वेगळं आणि त्यातला मजकूर योग्य असणं वेगळं. देणगीत काहीही येतं. म्हणून अमरावतीच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांना विनंती केली. त्यांनी या फळीवरची चाळीस पुस्तकं तपासून द्यायचं कबूल केलं. तपासलेल्या पुस्तकाच्या पाठीवर मी हिरवी टिकली लावायची. टिकली असली की वाचकाने बिनधास्त न्यावं, असा बोर्डही लावला.

यादीचं पहिलं पान वेळेवर आलं. दुसरं अडकलं. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, कपाटाचं उद्घाटन गुरुवारी ठेवलं होतं. बुधवारी ते कपाटासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, अर्ध्या पुस्तकांले टिकली आणि अर्धी बोडकी? फोटोत कसं दिसन?"

मी टिकल्यांची पट्टी घेतली आणि उरलेल्या वीस पुस्तकांना त्या लावल्या. यादी दोन दिवसांत येणारच आहे, असं स्वतःला सांगितलं. मला कुणी लावायला सांगितलं नव्हतं. विचारलं फक्त दिसण्याबद्दल होतं.

आता ती पुस्तिका कुणाच्या तरी घरात होती. पाठीवर माझी टिकली होती. आणि त्या घरात कुणाला तरी फिट येत होती.

काउंटरवरच्या रमेशभाऊंनी देवघेवीची नोंद काढली. शुक्रवारी पुस्तिका एका निवृत्त शिक्षकांच्या कार्डावर गेली होती. त्यांचं नाव लिहीत नाही, नुसतं सर म्हणते.

"सरांच्या घरी कुणाले फिट नाही येत," रमेशभाऊ म्हणाले. "सरांच्या कार्डावर आख्खं गाव वाचते, मॅडम."

हे मला माहीत होतं आणि मी ते चालू दिलं होतं. आमच्याकडे आजाराचं पुस्तक कुणी स्वतःसाठी नेत नाही. शेजाऱ्यासाठी नेतात, नाहीतर "सहज". सरळ काउंटरवर मागितलं की मागे उभा असलेला माणूस पुस्तकाचं नाव वाचतो. म्हणून लोक सरांना गाठतात.

मी सरांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला. "सर झोपले आहेत. कोणतं पुस्तक वापस पाहिजे?"

मला सांगता येईना. कुणी काय नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. तिसऱ्यांमध्ये बायकोही आली. "त्यांनाच सांगते," म्हणून फोन ठेवला. बारा वाजले होते. मी डबा उघडला आणि बंद केला. पायात चपला घातल्या आणि चालत सरांच्या घरी गेले.

सर ओसरीवर आले.

"सर, शुक्रवारी तुमच्या कार्डावर एक पुस्तिका गेली."

"गेली असन."

"कोण वाचतंय?"

"मीच."

"मग पान नऊवर काय आहे?"

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमी माही परीक्षा काहून घेऊन राहिल्या?"

मी त्यांना सोबत आणलेल्या यादीवरची लाल रेघ दाखवली. त्यांनी शेजारची ओळ दोनदा वाचली. मग आवाज खाली करून म्हणाले, "मी शब्द देला आहे. नाव नाही सांगनार. त्याच्या पोरीचं लग्न जुळून राहिलं."

"नाव नको मला. एवढाच निरोप द्या की तोंडात काही घालू नका."

सरांनी माझ्यासमोर फोन लावला. मुलीचे वडील शेतात होते. घंटा वाजत राहिली. मी परत आले, चार कामं काढली, एकही संपवलं नाही. दर अर्ध्या तासाने सरांना फोन करत होते. चौथ्या वेळी ते चिडले, "अहो, तो मोटर चालू करून राहिला असन, त्याले ऐकू कसं जाईन?"

संध्याकाळी सहा वाजता सरांचाच फोन आला. मुलगी साखरपुड्यापर्यंत धामणगाव रेल्वे या गावी आत्याकडे ठेवली होती. पुस्तिका तिथेच होती. वडिलांनी बहिणीला फोन केला. बहिणीने उलट झापलं. "छापलेलं सोडून तुह्या फोनवरचं ऐकू?"

छापलेल्यावर विश्वास ठेवा, हेच तर मी एकवीस वर्षं सांगत आले.

मग मी स्वतः जायचं ठरवलं. मुलीच्या वडिलांनी सरांमार्फत हो म्हटलं. मंगळवारी सकाळच्या गाडीने सर आणि मी निघालो. पिशवीत डॉक्टरांनी बरोबर ठरवलेलं दुसरं पुस्तक होतं. आत्याबाईंना काय बोलायचं त्याचे मी चार मुद्दे लिहिले. मूर्तिजापूरला दुसरा खोडला. बडनेऱ्याला सगळेच खोडले.

दार आत्याबाईंनीच उघडलं. सरांनी ओळख करून दिली.

"येवढ्याशा पुस्तकासाठी अकोल्याहून आल्या?" त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांची मुदत असते न?"

"पान नऊ चुकीचं आहे, ताई. तसं करू नका."

"केलं की! परवा सांजच्याले आली तिले फिट. पुस्तकात लिवलं तसा चमच्याले फडकं गुंडाळलं आन् घातला. जीभ वाचली पोरीची."

मुलगी आतून आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. ओठ घट्ट मिटून होती. मग बोलली तेव्हा दिसलं. वरचा समोरचा दात अर्धा तुटला होता.

म्हणजे लाल रेघ माझ्या हातात पडायच्या आदल्या दिवशीच हे झालं होतं. माझी कालची सगळी धावपळ त्या दाताच्या मागून चालली होती.

"ताई, दात चमच्यानेच तुटला," मी म्हटलं. "त्याचा तुकडा श्वासात गेला असता तर? फिट आली की कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही."

"हे तुमी सांगता. त्याच्यावर हिरवी टिकली हाय. डॉक्टरनं पायलं म्हणून लावते असं भाऊ म्हणे."

"ती टिकली मी लावली. डॉक्टरांनी पाहायच्या आधी."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काहून?"

"फोटोत बरं दिसावं म्हणून."

सर भिंतीकडे बघू लागले. आत्याबाई आत गेल्या, उशाखालून चमचा काढून आणला आणि स्वयंपाकघरात नेऊन आदळला. तो आता पुन्हा तोंडात जाणार नाही, याची वादापेक्षा त्या आवाजाने मला जास्त खात्री पटली.

मी मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, पुस्तक बाबानं आणलं, वाचलं आत्यानं. मले कोणी दाखवलंच नाही. माह्या गोळ्या पण इथं लपवून ठेवल्या, पाहुण्यायले दिसू नये म्हणून. दोन दिवस मले सापडल्याच नाही."

आत्याबाई दारात थबकल्या. थोड्या वेळाने डाळीच्या डब्यातून गोळ्यांचं पाकीट निघालं आणि टीव्हीजवळ, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं गेलं.

नवं पुस्तक मी मुलीच्या हातात दिलं. सरांच्या कार्डावर नाही. तिथेच अर्ज भरून घेतला. ती अकोल्याचीच, कॉलेजही तिथलंच, त्यामुळे सभासद व्हायला अडचण नव्हती. तिने लगेच बसून वाचायला घेतलं आणि आमच्याकडे लक्ष दिलं नाही.

बुधवारी वकीलसाहेबांनी "पुस्तिका गहाळ" अशी नोंद सुचवली. "प्रकरण मिटन," ते म्हणाले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "तपासणीपूर्वी ग्रंथपालाने टिकली लावली. वाचकास इजा. पुस्तिका रद्द." सही केली. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि खाली त्यांचीही सही केली. हे मला अपेक्षित नव्हतं.

आता टिकल्यांची पट्टी अमरावतीला डॉक्टरांच्या टेबलावर असते. पुस्तकं पिशवीतून जातात, ते स्वतः लावतात. महिना महिना लागतो. वरची फळी अर्धी रिकामी असते. कुणी बघायला आलं की वकीलसाहेब विचारतात, ही कधी भरणार. मी सांगते, वाचून झाली की.

त्या मुलीच्या लग्नाचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. पुस्तक तिने मुदतीत परत केलं. स्वतः येऊन काउंटरवर ठेवलं, नाव वर करून, आणि मागे रांगेत चार माणसं होती.