गरुडाची हिरवी चोच

आमच्या शेजारच्या दुकानावर पाटी नाही. तिची कधी गरजच पडली नाही. शाळांचे, रखवालदारांचे, बसवाहकांचे बिल्ले मशीनवर रंगीत दोऱ्यानं भरून देणारा या रस्त्यावर एकच माणूस, म्हणून सगळे त्यांना बिल्लेवाले म्हणतात. माझं बटणांचं दुकान त्यांच्या दुकानाला चिकटून आहे आणि मधली भिंत इतकी पातळ, की ते शिंकले की माझी बटणं हलतात. तेव्हा मी जे सांगतेय ते भिंतीला कान लावून ऐकलेलं नाही. ते मला ऐकावंच लागलंय.

बिल्लेवाल्यांचं मशीन एका सुईचं. हल्लीची मशीनं बारा-पंधरा सुयांची असतात, रंग आपले आपण बदलतात. यांचं मशीन एक रंग भरून झाला की थांबतं आणि माणूस येऊन दुसरा दोरा ओवेपर्यंत अडून उभं राहतं. हे मात्र त्याच्याकडे पाठ करून खिडकीपाशी बसतात, कारण बिल्ल्यांच्या कडेचे धागे कातरायला उजेड तिथेच चांगला. पूर्वी मशीन तास तासभर थांबलेलं असायचं आणि यांना पत्ताच नसायचा.

त्यावर इलाज काढला त्यांच्या मुलीनं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आई ती लहान असतानाच गेलेली. बापलेकीनं एकमेकांना वाढवलं म्हणा ना. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणून तिनं मशीनच्या कॉम्प्युटरसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रंग बदलायची वेळ आली की कॉम्प्युटर तिच्या आवाजात सांगायचा, "बाबा, लाल लावा." "बाबा, पिवळा लावा." असे चौदा रंग आणि काम संपलं की, "झालं बाबा, उठा आता." रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला सर्दी होती, त्यामुळे निळ्याच्या आधी ती नाक ओढते. जांभळ्याच्या वेळी गॅसवर दूध उतू गेलं. मागे बिल्लेवाल्यांची आरडाओरड ऐकू येते आणि पोरगी बोलता बोलता फिस्सकन हसते.

अठरा वर्षं मी हे रोज ऐकत आले. मुलगी शिकली, कॉम्प्युटरच्याच नोकरीला लागली, सात तास विमानात बसावं लागतं इतक्या लांब गेली. इथला आवाज मात्र सोळा वर्षांचाच राहिला. बिल्लेवाले त्याला उत्तरं द्यायचे. "लावतो गं." "आलो, आलो." मध्येच एखाद्या दुपारी, "जेवलीस का?" सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे मीच जांभळ्याची वाट बघायला लागले.

खरी मुलगी दर रविवारी फोन करायची. तेव्हाही यांचं मशीन धडधडत असायचं. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. ऐकू येत नाही, सगळं ठीक आहे, ठेवतो. दोन मिनिटांत कारभार आटोपला. मी एकदा न राहवून म्हटलं, की फोनपुरतं तरी मशीन बंद करावं माणसानं. त्यावर त्यांनी मलाच शिकवलं: मध्येच बंद केलं की सुई आपली जागा विसरते आणि हातातला बिल्ला वाया जातो. आजवर एकही बिल्ला त्यांनी असा अर्धवट सोडला नव्हता. 

मग नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचं वारं आलं. आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना यायला लागल्या, की तुमची सिस्टीम जुनी झाली, आता तिच्याकडे कोणी बघणार नाही. बिल्लेवाल्यांनी कानाडोळा केला. नंतर त्यांना काम देणाऱ्या गणवेशाच्या कंपनीनं नक्ष्या पाठवायची पद्धतच बदलली. त्या उघडायला कंपनीचा नवा प्रोग्रॅम हवा आणि तो चालणार फक्त नव्या सिस्टीमवर. रखवालदारांच्या खांद्यावरचे आठशे गरुड महिनाअखेरीला द्यायचे होते आणि गरुड उघडतच नव्हता.

कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. त्यानं सरळ हात टेकले. नवी सिस्टीम या जुन्या डब्यावर बसणार नाही. नवा कॉम्प्युटर घेतला तर त्याला मशीनची ती जाडजूड, पिनांची केबल लावायला जागाच नाही. केबल कशीबशी लावली तरी मुलीचा जुना प्रोग्रॅम नवी सिस्टीम चालवून घेणार नाही.

त्या संध्याकाळी बिल्लेवाले माझ्या दुकानात येऊन बटणांच्या डब्या उगाच उघडझाप करत बसले. मला वाटलं, आठशे गरुडांची काळजी. म्हणाले, "गरुडांचं काहीतरी करता येईल हो ताई. पण तिचा आवाज जाईल." मी म्हटलं, मुलीला सांगा, ती यातलीच आहे. तर म्हणे, काम सांगतो, आवाजाचं नको. "म्हातारा खुळावला म्हणेल." आणि माझ्याकडूनही वचन घेतलं. पोटात काही न राहणाऱ्या बाईकडून वचन घेणं हा तसा खुळेपणाच, पण मी दिलं.

मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली. येताना नवा कॉम्प्युटर आणला, त्या केबलसाठी जोडणीचा तुकडा आणला आणि दोन दिवस खाली मान घालून नवा प्रोग्रॅम लिहिला. काम चोख. मशीननं नव्या कॉम्प्युटरला निमूट ओळखलं, गरुड उघडला. रंग बदलायची वेळ आली की पडद्यावर मोठा चौकोन लुकलुकायचा आणि आकडा यायचा, रंग चार, रंग पाच. मला दाखवताना ती हसत म्हणाली, "काकू, मी सोळाव्या वर्षी काय पोरखेळ करून ठेवला होता! बाबांनी इतकी वर्षं कसा सहन केला कोण जाणे." बिल्लेवाल्यांनी मान डोलावली. मी जीभ आवरली.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या ओळखीच्या लोकांना भेटायला गेली आणि बिल्लेवाले गरुड भरायला बसले. म्हणजे नेहमीसारखे पाठ करून, खिडकीपाशी. पलीकडे मशीन थांबलं. मी ऐकत होते. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तो लुकलुकणारा चौकोन यांच्या पाठीला रंग दाखवत उभा. शेवटी मीच भिंतीवर थाप मारली. गडबडीनं उठले आणि हाताला येईल ते रीळ ओवलं. अठरा वर्षं रंग नावानं सांगितले गेले. कोणत्या आकड्याला कोणता दोरा, हे त्यांना कधी पाठ करावंच लागलं नव्हतं. दुपारपर्यंत सहा गरुड झाले आणि सहाच्या सहांची चोच हिरवी.

मुलीनं ते पोपट बघून कपाळाला हात लावला. समोर एवढं मोठं लिहिलेलं दिसत नाही का, लक्ष कुठे असतं, असं बरंच बोलली.  मग ती जुना डबा नेण्याबद्दल बोलायला दुरुस्तीवाल्याकडे गेली.

ती तासाभरानं परतली तेव्हा मी दारातच होते. आम्ही दोघी एकदमच त्यांच्या दुकानापाशी आलो आणि थबकलो. आत जुना कॉम्प्युटर चालू होता. मशीनची केबल नव्या कॉम्प्युटरला गेलेली. जुन्याची केबल लावायची जागा रिकामीच. समोर खुर्ची घेऊन, पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून, बिल्लेवाले बसले होते आणि एका बोटानं एकेका रंगाची कळ दाबत होते.

"बाबा, लाल लावा."

"लावतो."

नाक ओढल्याचा आवाज. "बाबा, निळा लावा."

"सर्दी गेली नाही ना अजून? जेवलीस का काही?"

मी मुलीकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. ती आत गेली. ते दचकून उठायला लागले, तसा तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

"मला नाही कधी विचारलंत हे," ती म्हणाली. "मी दर रविवारी फोन करते, बाबा."

 ते तोंड फिरवून म्हणाले, "तू घाईत असतेस असं वाटतं गं. ही घाईत नसते."

तिनं जांभळा दाबला. दूध उतू गेलं, बाप ओरडला, पोरगी हसली. तिनं तो पुन्हा दाबला, मग आणखी एकदा. "ही कोण आहे, बाबा?" तिनं विचारलं. "मला तर ही आठवतसुद्धा नाही."

"मला आठवते," ते म्हणाले.

मी माझ्या दुकानात येऊन बटणं मोजल्यासारखं केलं. त्यांचं सगळं आयुष्य त्या भिंतीपलीकडून ऐकलेलं, पण एवढं ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. तिला पुन्हा सोळा वर्षांची करणं कुणाच्या हातात नव्हतं आणि ते त्या दोघांनाही ठाऊक होतं.

जाण्याआधी तिनं जुन्या डब्यातून तिचे सगळे आवाज काढून नव्या प्रोग्रॅममध्ये घातले. काही पुसलं नाही, नाक ओढलेलंसुद्धा. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते काम अर्ध्या तासाचं होतं. कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी दोऱ्यांकडे बघत राहिले. पुढे महिनाअखेरीला आठशे गरुड पिवळ्या चोचींनी वेळेवर गेले. हिरव्या चोचीचा एक तिनं पर्समध्ये टाकून नेला.

ती गेल्यावर पुढच्या रविवारी फोन वाजला. मशीन उरलेले गरुड भरत धडधडत होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता कानात बोट आणि दोन मिनिटं.

"घाईत आहेस का?" बिल्लेवाले मोठ्यानं विचारत होते.

तिकडून ती काय म्हणाली ते मला कळणं शक्य नव्हतं. एवढंच कळलं, की पलीकडे एकाएकी शांत झालं. रंग बदलायची वेळ झाली नव्हती. गरुडाचा एकच पंख भरून झाला होता, तो वाया गेलेला बिल्ला त्यांनी मला नंतर दाखवला. त्या शांततेत खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग ते म्हणाले, "हं, बोल. जेवलीस का?"