देवकीनं टांगलेली रजाई

सदर भागातल्या बॅरिस्टर मधुकररावांना माणसांपेक्षा रजयांची काळजी जास्त होती. विलायतेहून येताना त्यांनी तीन रजया आणि एक झोपायची पिशवी आणली होती. आत कापूस नाही, बदकाची मऊ पिसं. दर हिवाळ्यात मौदा गावाच्या पलीकडे नदीकाठी त्यांचा शिकारीचा तंबू पडायचा आणि हा सगळा थाट बैलगाडीतून जायचा. उरलेलं वर्ष ती पांघरुणं देवकीच्या स्वाधीन. मलमलीच्या ढगळ खोळीत घालून मागच्या कोरड्या खोलीत बांबूवर सैल टांगायची, पावसाची उघडीप मिळाली की ऊन दाखवायचं, दाबायची मात्र मुळीच नाहीत, नाहीतर पिसांची फुगी जाते. देवकी ती तान्ह्या लेकरासारखी जपायची. जपता जपता दातओठ खायची.

कारण तिचा नवरा नत्थूजी त्याच साहेबांचा तंबूवाला होता. एका पौषात शिकारीवर असताना तो तापानं फणफणला. तिसरी रजाई तशीच पडली आहे, याच्या अंगावर घालू का, असं स्वयंपाक्यानं विचारलं. मधुकरराव बंदूक पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला दिली तर वास लागेल रजाईला. मग तो निघत नाही."

नत्थूजी गोणपाटावर कुडकुडत राहिला, गाडीत घालून त्याला घरी आणलं आणि छाती भरून तो वारला. स्वयंपाक्यानं ते वाक्य देवकीला जसंच्या तसं सांगितलं. पुढं मधुकररावांनी मोठेपणा दाखवून तिला घरकामाला ठेवून घेतलं आणि सोपवल्या त्या याच रजया! देवकी कोणापुढं रडली नाही. या माणसाला एकदा डोळ्यांनी कुडकुडताना पाहायचं, एवढं तिनं मनात धरलं आणि कामाला लागली.

संधी आणून दिली ती मालकीणबाईंनी. रजयांनी अडवलेली ती खोली शोभाताईंच्या डोळ्यांत खुपायची, कारण लोणच्याच्या बरण्यांना आणि शेवयांच्या डब्यांना घरात जागा नव्हती. कापसाच्या रजया आपण घट्ट बांधून ट्रंकेत कोंबतो, दबल्या तर पिंजाऱ्याला देतो, मग पिसांचे एवढे लाड कशाला, असं त्या दर उन्हाळ्यात विचारायच्या. दर उन्हाळ्यात देवकी हात जोडून त्यांना अडवायची. या वर्षी ती नुसतं "हो बाई" म्हणाली.

दोन रजया आणि पिशवी तिनं लोखंडी ट्रंकेत घातल्या, वर गुडघा देऊन कडी लावली आणि ट्रंक ओल धरणाऱ्या भिंतीला सारली. वर शोभाताईंनी हौसेनं बरण्या मांडल्या. तिसरी रजाई काही ट्रंकेत मावली नाही, म्हणजे देवकीनं मावू दिली नाही. नत्थूजीला नाकारलेली तीच ही. ती तिनं स्वतःच्या खोलीत टांगली आणि पावसाळाभर तिला ऊन दाखवत राहिली.

हिवाळ्यात ट्रंक न उघडताच गाडीत चढली. देवकीचं काम म्हणजे बघायला नको, हा मधुकररावांचा भरवसा. नदीकाठी उघडून पाहतात तर पिसांचे कुबट गोळे झालेले आणि मध्ये नुसतं कापड. कडाक्याच्या थंडीत ते त्याच चिंध्यांखाली झोपले आणि हुडहुडी भरूनच घरी परतले. शोभाताईंनी कापसाच्या रजया अंगावर रचल्या, तरी दातावर दात वाजत होते.

तेवढ्यात देवकी दारात आली. हातात तिसरी रजाई, पुरीसारखी फुगलेली.

"घाल, घाल इकडे," मधुकरराव म्हणाले.

"वास लागन रजाईले, साहेब. मंग तो निंघत नाही."

त्यांनी तापलेले डोळे तिच्याकडे वळवले. "असं कोण म्हणालं तुला?"

"तुमीच. माह्या घरधन्यासाठी."

"मी? मी असं कशाला म्हणेन?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या वाक्याला उराशी धरून देवकीनं इतकी वर्षं काढली, ते या माणसानं तोंडातून पडताच विसरून टाकलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं रजाईची शिवण दातांत धरली आणि टर्रकन फाडली.

"घ्या," ती म्हणाली. "पांघरा."

रजाई तिनं पलंगावर उलटी झटकली. पिसं छतापर्यंत उडाली, साहेबांच्या मिशीवर बसली, शोभाताईंच्या अंबाड्यात शिरली. ती गोळा करायला कोणी पुढं झालं नाही. मधुकरराव शिंकत होते, कुडकुडत होते, आणि रिकामी खोळ खांद्यावर टाकून देवकी दारात उभी राहून ते डोळे भरून पाहत होती.