वाघोबासमोरची वाट

"मंग काय करू? पुन्हा घळीतून फिरवून नेऊ? बुधीला नेली तशी?"

महिपतच्या तोंडून बहिणीचं नाव गेलं तसा त्याचा बाप, बाबाजी, ओट्यावरून अर्धा उठला. "तोंड सांभाळ. मेलेल्या माणसाला भांडणात वढतोस?"

"ती मेली कशानं, ते बी सांगा ना."

"वाघोबानं तर न्हाय मारली!"

महिपतची आई, सरूबाई, कुडाला पाठ लावून पळसाच्या पानांचे द्रोण टोचत बसली होती. पुढ्यात टोपलीभर करवंदं. तिनं मान वर केली नाही. बाप-लेक सकाळपासून भांडत होते आणि दोघंही तिची नजर चुकवून भांडत होते.

भांडण वाटेचं होतं. महिपतच्या बायकोचे, शेवंतीचे, दिवस भरत आले होते. महिपत खाली मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन होता. तिथंच जवळ नवघरला त्याला पत्र्याची खोली मिळाली होती. दवाखाना जवळ, रिक्षा दाराशी. बाळंतपण तिथंच करायचं, असा त्याचा हट्ट. न्यायला बाबाजीची ना नव्हती. पण पाड्यावरून खाली हायवेला, वरसाव्याला उतरणारी धड वाट एकच, आणि ती वाघोबाच्या दगडासमोरून जाते. सातवा लागल्यापासून बाळाची पाचवी पुजेपर्यंत बाईनं त्या दगडासमोरून जायचं नाही, अशी रीत. जायचंच झालं तर डोंगराला वळसा घालून, घळीतून.

सरूबाई या पाड्यावर नवरी होऊन आली ती पलीकडच्या डोंगरावरून. वीसेक घरं, सगळी कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. पाणी ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या डवऱ्यातलं. चैत्र लागला की त्यात वाटीवाटीनं पाझरायचं आणि बाया हंडा मांडीशी घेऊन झऱ्याची वाट बघत बसायच्या. नाचणीची पेज दोन वेळा मिळाली तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. दिव्याचा खांब डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबला होता. रस्ता मात्र दर निवडणुकीला थेट वरपर्यंत यायचा आणि मतं पडली की परत जायचा. संध्याकाळी माथ्यावर उभं राहिलं तर खाली मीरा रोडचे दिवे दिसत, दरवर्षी थोडे अजून जवळ सरकलेले. पाड्यावरची पोरं त्या दिव्यांना 'बिल्डर' म्हणत. "आज लई बिल्डर पेटलेत रे!"

लाकडाची मोळी विकायला बंदी आली तेव्हापासून सरूबाई रानातला मेवा घेऊन उतरू लागली. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, मग कंटोळी, उन्हाळ्यात करवंदं. सिल्व्हर पार्कातल्या बायका जिन्यातच टोपली उतरवून घेत.

"वरती वाघ येतो का गं?" त्या विचारत.

"येतो ना. परवाच दारात बसला व्हता."

वाघ दारात बसला म्हटलं की बायका घासाघीस करत नाहीत, हे तिला कळलं होतं. खरं तर तिनं वाघ उभ्या जन्मात दोनदाच पाहिला होता, तोही पाठमोरा.

पण तिची खरी ओळख टोपलीची नव्हती. ती सुईण होती. सासूच्या हाताखाली शिकली. पाड्यावरची निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातात.

दोन उन्हाळ्यांमागं बुधी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. कळा लागल्या आणि सरूबाईच्या हाताला कळलं, मूल आडवं आहे. तिनं तेल लावलं, पोट चोळलं, कूस बदलायला लावली. मूल फिरलं नाही. शेवटी माणसांनी बांबूला गोधडी बांधून झोळी केली. बुधीला उचललं आणि पाड्याबाहेर जिथं वाट फुटते तिथं माणसं थांबली.

"कुठनं?" पुढच्यानं विचारलं. अशा वेळी शब्द सुईणीचाच.

"घळीतून," सरूबाई म्हणाली.

तिनं विचारसुद्धा केला नव्हता. रीत जिभेवरच असते, ती आठवावी लागत नाही. घळीत दगडांवरून माणसांचे पाय सरकत होते. झोळी पुन्हा पुन्हा खाली टेकवावी लागली. ओढ्याशी बुधीनं पाणी मागितलं. सरूबाईनं ओंजळ भरून आणली, ओठांशी धरली. पाणी आत गेलं नाही, हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. खाली, दूर, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

कुणी सरूबाईला बोल लावला नाही. रीत पाळली होती, मग देवानंच नेली, असं पाड्यानं म्हटलं आणि विषय मिटवला. बोल लावला असता तर निदान भांडता आलं असतं. तेव्हापासून कुणी बाळंतपणाला बोलवायला आलं की ती म्हणायची, "हात कापतोय. दुसरी बघ."

आज सकाळी मात्र शेवंतीला पाठ चोळून देताना तो हात आपसूक पुढं पोटावर गेला. डोकं खाली असायला हवं तिथं मऊ लागलं. उजव्या कुशीत नारळासारखं टणक. सरूबाईनं हात काढून घेतला. "पेज पी," एवढंच म्हणाली आणि टोपली घेऊन कुडाशी येऊन बसली.

"मला कुणी इचारतंय का?" शेवंती आता दारात उभी होती, एक हात चौकटीला. "मी न्हाय जायाची त्याच्या समोरून. पोराला कमीजास्त झालं तर जलमभर मलाच बोलाल सगळे."

"अगं, शेंदूर लावलेला दगड हाय तो," महिपत वैतागला. "खरा वाघ कधीच हायवेला गेलाय, हॉटेलवाल्यांचे कुत्रे खायाला."

"वा रे शाना!" बाबाजी म्हणाला. "दर अमुशेला शेंदूर लावतो तो मी. तुला खालच्या टाकीचं पाणी लागलं."

"टाकीला नळ तरी हाय."

"मंग नको नेऊस! इथंच होऊ दे. घरात सुईण असताना..."

बाबाजी तिथंच अडला. महिपतनं मान फिरवली. पान टोचायची बांबूची काडी सरूबाईच्या हातात मोडली.

"पोर आडवं हाय," ती म्हणाली.

शेवंतीचा हात चौकटीवरून सुटून पोटावर आला.

"कुणी सांगितलं?" महिपतनं विचारलं.

"सकाळी हात लावला मी. फिरंल बी. न्हाय बी फिरायचं. बुधीचं न्हाय फिरलं."

बाबाजी खाली बसला. आवाज उतरवून म्हणाला, "घळीतून नेऊ. अजून कळा न्हाईत. बसत, उठत..."

"घळीतून न्हाय."

"सरू, त्याचा कोप झाला तर?"

"मागल्या खेपेला कोप होऊ दिला न्हाय आपण," सरूबाई म्हणाली. "किती जपलं त्याला. बुधी कुठं हाय?"

बाबाजीनं ओट्यावरची एक काडी उचलली. तो आपल्या नखांत अडकलेला शेंदूर काडीनं कोरत राहिला. शेवंती रडायला लागली, आवाज न करता, खालचा ओठ दाताखाली धरून. सरूबाईनं तिला जवळ घेतलं नाही. दांडीवरचं आपलं जुनं लुगडं ओढून तिच्या हातात दिलं.

"हे डोक्यावरनं पायापातूर घे. त्याला तू दिसायची न्हाईस. म्होरं मी चालन. इचारलं तर सांगन, मी आणली हिला, मला घे."

"आये..." महिपत म्हणाला.

"तू गप. सकाळपासून लई बोललास."

तिनं आढ्याला खोचलेला बांबू खाली काढला. तो दोन वर्षं तिथंच होता, कुणी चुलीलाही घातला नव्हता. दोन जागी गोधडीच्या गाठींनी घासलेल्या खुणा अजून होत्या. तिनं तो ओट्यावर नवऱ्यापुढं आडवा ठेवला आणि करवंदांची टोपली पायानं बाजूला सारली.

"ही करवंदं पोरांना वाटा, उद्या मी विकायला जायाची न्हाय. झोळी आताच बांधून ठेवा. शेवंती उजाडल्यावर खाली जाणार. वाघोबासमोरून."