डब्यातला आवाज

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी आईपाशीही नाही. तशी मी बोलून मोकळी होणारी बाई. कापूस वेचणाऱ्या बायकांना सांगायचं ते तोंडावर सांगते, घरातही तेच. पण ही एक गोष्ट मनात आली की मी उठून काहीतरी काम काढते. आज काम काढायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आमचं गाव तापीकाठचं, घर गुजरांचं. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. पदर नाकापर्यंत, आणि काही सांगायचंच असेल तर सासूच्या कानात. सासू ते मोठ्याने सांगणार. इतकी वर्षं मी ते घर चालवलं, पण सासऱ्यांनी माझा आवाज कधी धड ऐकला नव्हता. हळदीच्या गाण्यांत बायकांच्या घोळक्यातून कानावर पडला असेल, तेवढाच.

माझा धाकटा दीर नंदुरबारला रेडिओ दुरुस्त करायचा. गावात वीज आली त्या सुमाराला त्याने सुरतेहून एक जुना टेपरेकॉर्डर आणला. आम्हाला वाटलं, गाणी भरेल. त्याने काय भरलं? दोन स्टेशनांच्या मधली रेडिओची घरघर! मग ते रीळ अर्ध्या वेगाने फिरवायचा, आणि ती घरघर जाड, मऊ होऊन जायची. उन्हाळ्यात तापी दिसते ना — वाहते आहे की थांबली आहे, ते कळत नाही — तशी. मला ते आवडायचं. हेही मी कधी सांगितलं नाही.

शेजारची काशीमाय मात्र ओट्यावरून ओरडायची, "काय रे, तुन्हा डबाले ताप येल शे का? नुसता कन्ही ऱ्हायना!" डबा तापाने कण्हतोय म्हणे! सगळे हसायचे, दीरसुद्धा. त्यापाशी पाच मिनिटं कुणी बसत नव्हतं.

मग एका दुपारी त्या घरघरीत आवाज शिरला.

दीर ओसरीत रीळ भरत होता आणि दाराआड त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, ताक घुसळत होती. घुसळता घुसळता गुणगुणत होती. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसता सूर. माइकने तो धरला. रीळ हळू फिरलं तसा तिचा बारीक आवाज खाली उतरला, रुंद झाला. कुणाचा आहे ते ओळखू येईना. नदीच्या पलीकडून कुणी येत असावं, दिसत नसावं, पण येतंय हे नक्की — असं काहीतरी. घरघर तीच होती हो. पण आता तिच्यात कुणीतरी राहत होतं.

काशीमाय डाळ निवडायला आमच्या ओसरीवर येऊ लागली. सुपातला हात मध्येच थांबायचा. सासरे खाटेवर डोळे मिटून पडायचे, बाहेर केळीची पानं हलायची, आणि सगळी दुपार त्या सुरात विरघळून जायची. मीही चुलीपुढून उठून दाराशी उभी राहायची. मी — जिला दुपारी बसायला फुरसत नसते.

सुनेचा आवाज सासऱ्यासमोर वाजतो हे कळलं तर डबाच बंद होईल, म्हणून दीर गप्प होता. आवाज कुणाचा, ते दीर, धाकटी आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत.

धाकटीचं घरात काही नाव नव्हतं. तिची भाकरी फाटायची. मजूर बायका तिचं ऐकत नसत. सासरे तिला 'मुकी' म्हणत, आणि रागाने नव्हे, सहज. नाव होतं ते माझं. स्वयंपाक माझा, शेत माझं, हळदीला पहिलं गाणंही मीच उचलायची. मग मला आणखी काय हवं होतं?

एके दिवशी दीर रीळ लावून विहिरीवरच्या मोटारीकडे गेला. सासऱ्यांनी डोळे उघडले आणि सासूला विचारलं, "हाऊ आवाज कोना शे वं? गळा भारी शे." रागावले नव्हते. उलट — मी त्यांचा तसा चेहरा आधी पाहिला नव्हता.

सासूने माझ्याकडे पाहिलं. धाकटी माझ्याशेजारीच उभी होती. तिला तोंड उघडता येणार नव्हतं. समोर सासरे होते. हे मला ठाऊक होतं. मी सासूच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मन्हाच शे." माझाच आहे.

"मोठीना शे," सासू म्हणाली.

"वाटनंच मले," सासरे म्हणाले.

दीर परत आल्यावर त्यांनी त्यालाही कौतुकाने सांगितलं. त्याने धाकटीकडे पाहिलं. तिने पदराआडून मान हलवली — राहू द्या, अशी. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, कोण जाणे.

ते रीळ लावलं की धाकटीच्या अंगावर काटा यायचा. मी बघायची आणि भाकरी थापायची. दिराने पुढे ते लावणं सोडलं, आणखी घरघरी भरल्या. पण त्यांच्यात आता कुणी राहत नव्हतं. काशीमायने डाळीचं सूप उचललं. "परत ताप उना वं डबाले," म्हणाली. कुणी हसलं नाही.

दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी सासूला म्हणाले, "मोठीले सांग, आते काय लाज? गाय म्हना." आता कसली लाज, गा म्हणाव.

मी गायले. हळदीचंच एक, हळू आवाजात. नंतर शब्द सोडून नुसता सूर धरायला गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "डबामझार जास्ती गोड लागे." डब्यात जास्त गोड लागायचा.

धाकटी पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं. सासरे अजून ऐकत होते, डोळे मिटून. एक वाक्य पुरलं असतं. मी उठले, तिच्या हातातून वाटी घेतली आणि सासऱ्यांना मीच पेज पाजली.

तो आवाज माझाच समजून ते गेले.

आता घराची वाटणी झाली आहे. धाकटी भिंतीपलीकडे असते. दुपारी ताक घुसळते. रवीचा आवाज येतो. तेवढाच.