गंगाअक्कांची तीनशे स्थळं

गंगाअक्का फोनवर स्वतःचं नाव कधी सांगत नसत. "लातूरहून बोलायलेय, भांड्याचं दुकान," एवढंच म्हणत आणि समोरच्याने ओळखलं असं धरून पुढे बोलायला लागत. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसात होतो. मला वाटलं, कुणाचा तरी चुकून लागला.

"फोटो चढंना झालेत," त्या म्हणाल्या. "तुमी वेबसाइटीचं बघता म्हणं. जेवण झालं नसंल तर मागून करते."

अक्कांचं लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची थोरली सून मिळून ते चालवत. लग्नाची भांडी घ्यायला माणसं येत, तास-दोन तास बसत, आणि बोलता बोलता कुणाच्या घरात कोण लग्नाचं आहे ते निघे. अक्का ते वहीत लिहून ठेवत आणि जमेल तिथे सुचवत. पुढे धाकट्या मुलाने त्या वहीची वेबसाइट करून दिली. लिंगायत समाजातल्या मुलामुलींची स्थळं, कुणालाही पाहायला फुकट. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वेबसाइट अक्कांच्या गळ्यात पडली. त्यांनी ती दुकानासारखीच सांभाळली, म्हणजे रोज सकाळी उघडून पाहिली.

मी खातं तपासलं. अशा खात्यांत एकाच मोठ्या संगणकावर शेकडो वेबसाइटी राहतात, आणि कुणी दुसऱ्याची जागा खाऊ नये म्हणून प्रत्येकाला दोन मर्यादा घातलेल्या असतात. किती जागा वापरायची ही एक, आणि एकूण किती फायली ठेवायच्या ही दुसरी. अक्कांची निम्मी जागा मोकळी होती. फायलींची संख्या मात्र संपली होती.

"जागा हाय म्हणता, अन् चढवता येत न्हाई म्हणता. ह्ये कसं काय?"

मी सांगितलं, की तुम्ही एक फोटो चढवला की वेबसाइट त्याच्या सात लहान-मोठ्या प्रती आपोआप करून ठेवते. एक यादीत दाखवायला, एक मोबाइलवर, एक उघडल्यावर, अशा. मोजताना त्या सगळ्या मोजल्या जातात. त्या म्हणाल्या, "म्हंजे डब्यांचा सेट. गिऱ्हाइकाला वाटतं येकच घेतला, पण आत सात निघतात." गेल्या दहा वर्षांत मी हे अनेकांना समजावलंय. इतक्या लवकर कुणाला समजलेलं नाही.

वेबसाइटला जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीची नोटीस आलेली होती. पंधरा दिवसांत फायली कमी करा, नाहीतर खातं बंद होईल. मी मोठं खातं घ्यायचं सुचवलं. अक्का म्हणाल्या, "ते बी भरंल. बाराशेच्या वर स्थळं हायत, त्यातल्या निम्म्यांची लग्नं झाली असतील. पसारा माजाच हाय." मी म्हटलं, मग दोन वर्षांपूर्वीची सातशेएक एका झटक्यात काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे.

"न्हाई. आदी इचारू, मंग काढू."

"सातशे जणांना?"

"नंबर हायत की."

लातूरला माझी दुसरीही कामं होती, म्हणून मी दहा-बारा दिवस तिकडेच राहिलो. दुपारी दोननंतर बाजार थंड असे. त्या वेळात अक्का चष्मा लावून फोन घेऊन बसत आणि मी समोर पातेल्यांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवून बसे. त्यांनी मान हलवली की स्थळ काढायचं, हात आडवा केला की ठेवायचं. प्रत्येक फोनची सुरुवात "शरणार्थ" या लिंगायतांच्या नमस्काराने होई आणि मग घरातल्यांची चौकशी. दिवसाला साठएक फोन होत. बहुतेकांची लग्नं झालेली होती. एका बाईंनी सांगितलं, आता दोन नातवंडं आहेत. चाकूरजवळचा एक चाळिशीचा माणूस म्हणाला, "असू द्या अक्का, कुणी तरी बघंल." अक्कांनी हात आडवा केला.

सहाव्या दिवशी भोकरचा एक नंबर लागला. स्थळ मुलीचं होतं. नाव सुनंदा. फोन वडिलांनी घेतला. अक्कांनी विचारलं, लग्न झालं का. नंतर बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मान हलवली नाही की हात आडवा केला नाही.

सुनंदाचं लग्न तीन वर्षांपूर्वी निलंग्याला झालं होतं. भांडी अक्कांच्याच दुकानातून गेली होती; वडिलांनी सांगितल्यावर ते त्यांना आठवलं. आठ महिन्यांपूर्वी सासरच्या कुणीतरी तिचं स्थळ वेबसाइटवर पाहिलं आणि नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवलं. लग्न झालेली बाई दुसरं स्थळ शोधते आहे, असा अर्थ निघाला. तिला माहेरी आणून सोडलं. स्थळ एका नातेवाइकाने दिलेलं होतं; तिच्या वडिलांना वेबसाइट कुणाची, कशी, काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांनी अक्कांना कधी फोन केला नव्हता.

अक्का मला म्हणाल्या, "नांदेडवाले, उद्या निलंग्याला चलता का? ती मशीन संगं घ्या."

निलंग्याला सासऱ्यांचं कपड्यांचं दुकान होतं. त्यांनी आम्हाला दुकानामागच्या खोलीत बसवलं. नवरा, महेश, दाराशी उभा राहिला. मी लॅपटॉप उघडून दाखवलं, की ही फाईल लग्नाच्या अकरा महिने आधीची आहे आणि त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही.

सासरे शांतपणे म्हणाले, "मशीनमधली तारीख बदलता येत न्हाई का?"

"येते," मी म्हटलं. ते खरं होतं.

अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लॅपटॉप हाताने मिटला. "तारीख राहू द्या, अप्पा. चूक माजी हाय. लग्न झालेलं मला ठावं होतं. भांडी म्याच बांधून दिली. त्याच दिवशी तिचं स्थळ काढायला पायजे होतं, माज्याकडून राहिलं. त्या पोरीनं काय बी केलेलं न्हाई. तुमी मला बोला."

सासरे बोलले. मोठ्या आवाजात नाही, पण पुष्कळ बोलले. अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. पुढच्या वर्षांत त्या बाईंना मी असं बसलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही. शेवटी महेश दाराशीच म्हणाला, "मी जाऊन तिला घिऊन येतो."

"आदी मी जाते," अक्का म्हणाल्या.

त्या रविवारी आम्ही भोकरला गेलो. सुनंदा अंगणातल्या पत्र्याखाली आठ-दहा मुलांची शिकवणी घेत होती. ती संपेपर्यंत अक्का बाहेर ओट्यावर बसून राहिल्या. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, निलंग्याला काय झालं तेही. तिच्यापुढे हात जोडले. सुनंदाने ते धरून खाली केले.

"तुमचा राग न्हाई, अक्का. तुमच्याकडून फोटो काढून टाकायचा राहिला. पण त्या घरात आम्ही दोन वर्षं संगं राहिलो, अन् त्यांनी मला येकदा बी इचारलं न्हाई, ह्ये काय हाय म्हणून. गाडीत बसवलं अन् आणून सोडलं."

"तो न्यायला येतो म्हणतोय."

"न्यायला नको. बोलायला येऊ द्या."

जाताना तिने माझा लॅपटॉप मागितला, स्वतःचं पान उघडलं, फोटो क्षणभर पाहिला आणि काढून टाकायचं बटण स्वतः दाबलं. त्या फोटोत तिने मोरपंखी साडी नेसली होती. त्याच्या सातही प्रती एका क्षणात गेल्या.

महेश बोलायला आला. एकदा नाही, बऱ्याचदा आला. पुढच्या वर्षी दोघांनी लातूरला वेगळं बिऱ्हाड केल्याचं मला अक्कांकडून कळलं. सुनंदाने तिथे शिकवणी सुरू केली होती. यापेक्षा जास्त अक्कांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नोटिशीचे पंधरा दिवस संपायच्या आत फायली मर्यादेच्या खूप खाली आल्या. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. अक्कांनी मात्र मला एक नवीन काम सांगितलं. आहेत ती स्थळं जमत जमत तीनशेच्या आत येईपर्यंत नवीन घ्यायचं नाही, आणि पुढेही तीनशे झाली की नवीन घेणं आपोआप थांबलं पाहिजे. मी म्हटलं, आता हजारभर स्थळांची सोय आहे, तीनशेच का?

"दुकान सांभाळून महिन्यात मला तेवढेच फोन व्हतात," त्या म्हणाल्या. "ज्याला फोन करणं व्हत न्हाई, त्याचा फोटो ठिवायचा कशाला?"

मी तशी व्यवस्था करून दिली. पुढची चार वर्षं त्या दर महिन्याला सगळ्यांना फोन करत राहिल्या. लोक नवीन स्थळ घ्या म्हणून दुकानात येऊन भांडत. "येक जमू द्या, मंग तुमचं घेते," असं म्हणून त्या त्यांना चहा पाजत.

गेल्या वर्षी त्यांची किडनी बिघडली. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यावर त्यांनी मला फोन करून नवीन स्थळं घेणं पूर्ण बंद करायला लावलं. आवाज खोल गेला होता. मग हळूहळू यादी कमी होताना मला नांदेडला बसून दिसत असे. दोनशे, दीडशे, नव्वद. कुणाचं जमलं म्हणून निघे, कुणाला अक्का दुसऱ्या वधू-वर मंडळाकडे जोडून देत.

त्या गेल्यावर पंधराएक दिवसांनी सुनेचा फोन आला. म्हणाली, "वेबसाइट बंद करायची का, ते तुम्हीच बघा. आईंनी सगळ्यांना फोन केलेत. फक्त दोघांनी उचलला न्हाई, तेवढी दोनच राह्यलीत."

"त्या दोघांचं काय करायचं म्हणाल्या होत्या का?"

"थोडं थांबा म्हणल्या. उचलतील."

मग मी त्या दोघांना फोन करत राहिलो. एकाने पुढच्याच आठवड्यात उचलला. त्याचं लग्न ठरलं होतं. दुसऱ्याचा नंबर अजून लागत नाही. त्याच्या एका स्थळासाठी ते खातं मी चालू ठेवलं आहे.